गवत कुणी उपटायचं?

कॉलनीच्या रस्त्यावर गवत उगवतं. पहिला पाऊस होऊन पंधरा दिवस झाले की पेव्हर ब्लॉकच्या फटींतून, गटाराच्या कडेनं, विजेच्या खांबाच्या बुडाशी, कंपाउंडच्या भिंतीला धरून ते वर येतं. मग कॉलनीवाले अर्ज देतात. नगरपालिका ठेकेदाराला सांगते, ठेकेदार मुकादमाला सांगतो आणि मुकादम आमच्या वस्तीत येतो. एवढा प्रवास करून ते गवत शेवटी आमच्याच हातात पडतं. दुसऱ्या कुणाच्या हातात पडलेलं मी अजून बघितलेलं नाही.

मित्र म्हणतील, लिहायला विषय नाहीत काय? खून पडताहेत, जमिनी जाताहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि हा गवतावर लिहितो. लिहितो. कारण गेली तीन वर्षं आमच्या गावात या गवतावर औषध मारतात, आणि मारणारा पोरगा माझ्या बहिणीचा आहे.

माझा आजा गावात चावडीपुढचं गवत काढायचा. पाटलाच्या वाड्यापुढचंही. वतनातलं काम. मजुरी नाही. सुगीला बलुतं, एरवी भाकरी, तीही दारोदार मागून आणायची. १९५८ सालच्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली तेव्हा आज्यानं खुरपं आढ्याला खोचलं ते पुन्हा काढलं नाही, असं घरात सांगतात. त्याचीच लेक, माझी आत्या, लग्न होऊन या तालुक्याच्या गावी आली आणि नगरपालिकेच्या झाडूकामाला लागली. आधी रोजंदारीवर, मग ठेकेदाराकडं. हजेरी आहे, महिन्याला पैसे आहेत, उशिरा का होईना. म्हणजे ही वेठ नाही, हे मान्य. पण खुरपं हातात आलंच. वतन गेलं, टेंडर आलं.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत पावसाळ्यात अकरा बाया बसून कॉलनीच्या नऊ गल्ल्या काढायच्या. आठ दिवस लागायचे. मग ठेकेदाराला कुणीतरी पंप दाखवला. पाठीवरचा, पंधरा-सोळा लिटरचा. एक पोरगा दोन दिवसांत सगळं उरकतो. अकरातल्या सात बायांच्या पावसाळ्यातल्या हजेऱ्या कमी झाल्या. आत्याची राहिली. तिला पहिल्यांदा बरंच वाटलं. म्हणाली, "बरं झालं रं, माझं गुडघं तरी सुटलं." तिचं खोटं नव्हतं. उकिडवं बसून दिवसभर फटीतलं गवत ओढणं काय असतं ते औषधाविरुद्ध भाषण करणाऱ्याला ठाऊक नसतं.

पंप आला भाच्याच्या पाठीवर. बारावी झालेला पोरगा. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळतो आणि दहा वाजता पंप चढवतो. पायात स्लिपर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तोंडाला हातरुमाल. औषध टोपणानं मोजायचं. किती टोपणं ते ठेकेदार सांगणार. गवत दाट दिसलं की दोन टोपणं जास्त. बाटलीबरोबर घडीचा कागद येतो. त्यावर मराठीतही लिहिलेलं असतं, पण अक्षर मोहरीएवढं. मी भिंग घेऊन वाचलं. हातमोजे घाला, बूट घाला, वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून फवारू नका, फवारताना खाऊ-पिऊ नका, बिडी ओढू नका. भाचा हसला. "मामा, बूट असता तर पळायला नसता वापरला?"

पुढं म्हणाला, "त्याला वासबी येत नाही फारसा. पाण्यागत असतंय." मला तेच वाईट वाटतं. वासानं डोकं उठलं असतं तर पोरगा जपून तरी वागला असता.

हे औषध म्हणजे ग्लायफोसेट. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण वाचता येतं आणि विचारता येतं. हिरव्या पानावर पडलं की ते आत शिरतं, पानातून मुळापर्यंत उतरतं. झाड लगेच मरत नाही. आठ-पंधरा दिवस घेतं, पिवळं पडतं, मग वाळतं. कुठलं झाड तण आणि कुठलं लावलेलं, हे त्याला कळत नाही. जमिनीत पडलेल्या बियांना त्यानं काही होत नाही. म्हणून वरचं वाळलं की खालचं बी पुढच्या पावसाला पुन्हा येतं, आणि एका पावसाळ्यात तीनदा पंप निघतो. ठेकेदाराला तीनदा बिल.

शेतात निदान माती आहे. मातीच्या कणांना हे औषध चिकटून राहतं. रस्त्यावर माती कुठली? सिमेंट, डांबर, ब्लॉक. फवारल्यावर पाऊस आला की गटारात. आमच्या गावचं गटार ओढ्याला मिळतं आणि ओढा भीमनगरच्या मागनं जातो. पोरं त्यात खेकडे धरतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्या कागदावर मी वाचली नाही, पण आमच्या बायांना ती सांगावी लागते. फवारलेलं गवत पाच-सात दिवस हिरवंगार दिसतं. कॉलनीला ते गवत आहे, आमच्या बायांना त्यातली निम्मी भाजी आहे. घोळ, कुर्डू, तरोटा, तांदुळजा. पावसाळ्याच्या तोंडाला मजुरी नसते तेव्हा हीच भाजी चुलीवर असते. दुष्काळात ज्यांनी हा पाला उकडून खाल्ला त्यांच्या लेकीसुना अजून कामावरून परतताना पदरात घोळ खुडून आणतात. औषध कुठं मारलंय, कधी मारलंय, याची पाटी कुणी लावत नाही. मागच्या आषाढात आत्यानं एका बाईच्या पदरातली भाजी झटकून टाकली. ती बाई भांडायला उठली. तिला कसं पटावं? भाजी तर टवटवीत होती.

आणि याच गवतातल्या दुर्वा आणि आघाडा भाद्रपदात बाजारात जुडी बांधून विकायला असतात. गणपतीच्या आधी मुकादम सांगतो, देवळामागची हरळी ठेवा, औषध मारू नका. म्हणजे ठेवायचं म्हटलं तर ठेवता येतं.

आता कायदा. १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, तण मारणारी औषधंही त्यातच येतात. १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यायचं सांगितलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांनीच वापरायचं. उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली. भाच्याकडं परवाना नाही. त्याच्याकडं शाळा सोडल्याचा दाखला आहे आणि जातीचा दाखला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली ग्लायफोसेटला माणसात बहुधा कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या सरकारी संस्थांना हे पटलेलं नाही. भांडण चालू आहे. त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत बाटली कुणाच्या हातात राहणार, हे मात्र कुणाला विचारावं लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले. ती कीटकनाशकं होती, जास्त जहाल. ग्लायफोसेट तसलं नाही, उगीच भीती घालायची नाही मला. पण तिथंही पाठीवर पंप होता, तोंडाला रुमाल होता आणि कागदावर मोहरीएवढी अक्षरं होती.

तर तीन वर्षं कुणाचं काही म्हणणं नव्हतं. भाच्याच्या पायाला चट्टे उठले, डोळे दोन दिवस लाल राहिले, तेव्हाही नव्हतं. गेल्या श्रावणात तिसऱ्या गल्लीतल्या चार घरांच्या तुळशी वाळल्या. वारा सुटला असताना फवारलं, तुषार कठड्यावरून आत गेले. एक जास्वंदही गेली. लगेच सभा. गणपतीच्या देवळाच्या मंडपात. भाच्याला जाब द्यायला बोलावलं, म्हणून मीही गेलो. पोरगा उभा. "वारं हुतं साहेब. मी म्हणलं हुतं उद्या मारू. ठेकेदार म्हणला आजच उरका." ठेकेदार मोबाईलवर बोलत बाहेर गेला.

सभेत एक निवृत्त शिक्षक होते, विज्ञान शिकवलेले. ते चांगलं बोलले. २०१५ चं सांगितलं, २०२२ चं सांगितलं, म्हणाले हे विष बंद करा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून सरकारी आणि नगरपालिकांच्या रस्त्यांवर, बागांवर असली रासायनिक औषधं मारायला कायद्यानं बंदी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. तिकडं गरम पाण्यानं, वाफेनं, यंत्राच्या ब्रशनं गवत काढतात. लोकांनी माना डोलावल्या. एकानं फोनवर बघून सांगितलं, मीठ आणि व्हिनेगर मारा. मिठानं गवत जळतं हे खरं, पण माती खारते आणि शेजारची झाडंही जातात. पुन्हा तुळस गेली असती. ते मागं पडलं.

मग एक बाई म्हणाल्या, "पूर्वीसारखं हातानंच काढून घ्यावं ना. बायका आहेतच की."

सगळ्यांना पटलं. विष बंद, पर्यावरण वाचलं, तुळस वाचली. ठराव होत आला होता.

मी उठलो. म्हटलं, बाई, हात कुणाचा? त्यांना कळलं नाही. म्हणाल्या, "म्हणजे आपल्या त्या झाडूवाल्या." मी म्हटलं, माझी आत्या आहे त्यांच्यात. तिचं तोंड बघितलंय का कधी जवळून?

आत्याचं तोंड काळं पडलंय, जन्माचा रंग नव्हे तो. पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू, सगळी कातडी जाड आणि खरखरीत. उन्हात गेली की आग होते. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं बघितल्याबरोबर सांगितलं, काँग्रेस गवत. त्याच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वर्षानुवर्षं हात लागला की अंगाला त्याचं वावडं येतं, आणि एकदा वावडं आलं की मग नुसती वाळल्या गवताची धूळ उडाली तरी अंग उठतं. डॉक्टर म्हणाला, त्या गवतापासून लांब राहा. आत्या म्हणाली, "लांब राहीन की. हजेरी तू लाव."

या गवताची कहाणी सांगायला हवी. पानं गाजरासारखी म्हणून गाजर गवत. काँग्रेस का, याबद्दल मतभेद आहेत. कुणी म्हणतं पांढऱ्या टोपीसारखी फुलं म्हणून, कुणी म्हणतं त्यांच्या राज्यात आलं म्हणून. आमच्या वस्तीतले म्हातारे म्हणतात, ७२ च्या दुष्काळात मिलोबरोबर आलं. शिकलेले म्हणतात, अमेरिकेच्या गव्हाबरोबर. मूळ ते अमेरिका खंडातलंच, पण पुण्यात ते १९५५ च्या सुमाराला नजरेला आलं होतं आणि १९५६ साली त्याची नोंद छापून आली. म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला धम्म दिला त्याच वर्षी. आम्ही बुद्धाकडं गेलो आणि हे आमच्या वाटेवर येऊन बसलं. जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही. उगवल्यापासून महिन्याभरात फुलतं. एका झाडाला हजारो बिया, पंधरा हजारांवर सुद्धा. म्हणून फुलल्यावर उपटणं म्हणजे बी पेरत फिरणं. आणि फुलल्यावरच मुकादमाला ते दिसतं.

मेक्सिकोतून त्याचा भुंगा आणलाय. १९८४ साली बंगळूरला पहिल्यांदा सोडला. पावसाळ्यात तो पानं कुरतडून झाड उघडं करतो, थंडीत मातीत दडतो. माळावर त्याचा उपयोग होतो. कॉलनीच्या गल्लीत त्याच्या भरवशावर बसता येणार नाही, पण ओढ्याकाठी सोडता येईल. तिथं औषध मारलं नाही तर.

मंडपात हे सगळं मला बोलता आलं नाही. मी एवढंच विचारलं, आपापल्या दारापुढचं आपापण काढू या का? फटीतलं, कंपाउंडपासून गटारापर्यंतचं. एका घराला पंधरा मिनिटांचं काम. मंडपात शांतता. कुणी पायाकडं बघितलं, कुणी देवाकडं. मग कुणीतरी गवतामुळं डास होतात हा मुद्दा काढला आणि सगळे सुटल्यासारखे डासावर बोलू लागले. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात होतो, कुंडीखालच्या ताटलीत, उघड्या टाकीत. गवतात तो फार तर बसतो. ताटल्या कुणाच्या, हे मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ते शिक्षक खरंच खुरपं घेऊन दारापुढं बसले. मी पाहिलं. येणारा-जाणारा थांबून विचारत होता, "सर, आज बाई आली नाही का?" सर दोन रविवार बसले. तिसऱ्या रविवारी त्यांच्या सूनबाईंनी आत्याला हाक मारून वीस रुपये पुढं केले. आत्यानं घेतले नाहीत असं लिहिलं तर छान दिसेल. तिनं घेतले.

आम्ही वस्तीतल्या लोकांनी बसून एक अर्ज केला. त्यात औषध बंद करा एवढंच लिहिलं नाही. औषध बंद झालं आणि अकराच्या जागी चारच बाया ठेवल्या तर त्या चौघी मरतील. म्हणून पहिली मागणी सात बायांची हजेरी परत लावायची. दुसरी, गवत उगवायला जागाच कमी ठेवायची. गटारातला गाळ काढून कडेला ढीग लावतात आणि तसाच सोडतात, महिन्यात त्यावर रान माजतं. तो त्याच दिवशी उचला. झाडताना धूळ ब्लॉकच्या फटींत जाते, कडेला थर बसतो, तीच गवताची माती. कडेची धूळ महिन्यातून एकदा खरवडून भरून न्या. उखडलेले ब्लॉक बसवा, फटी भरा. ब्लॉक बसवणारा ठेकेदार वेगळा, गाळ काढणारा वेगळा, गवत काढणारा वेगळा, आणि तिघांची बिलं वेगळी. फट राहिली तर कुणाचंच नुकसान नाही.

तिसरं, सगळं गवत काढायचं कशाला? हरळीनं कुणाचं काय बिघडतं? एकदांडीनं? घोळ तर खायची वस्तू. वळणावर समोरची गाडी दिसत नाही तिथलं काढा, गटार तुंबतं तिथलं काढा, ज्यात साप-किरडू लपेल ते उंच वाढलेलं कापा. काँग्रेस मात्र मुळासकट काढा, तेही आषाढात, फुलायच्या आधी, पाऊस पडून गेल्यावर. ओल्या मातीतून मूळ अख्खं येतं, ओढावं लागत नाही. चौथं, लांब दांड्याची खुरपी द्या, उभ्यानं फटी खरवडता येतात. लोहार करून देतो. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे सदरे, बूट द्या. आणि ज्यांच्या अंगाला वावडं आलंय त्यांना काँग्रेसवर पाठवू नका, हजेरी न कापता दुसरं काम द्या. शेवटी, कुठं औषध मारलंच तर पाटी लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि मारणाऱ्याकडं परवाना हवा.

अर्ज लिहिताना भाचा शेजारी बसला होता. म्हणाला, "मामा, पंप बंद झाला तर माझं काय?" हे कुणीच धरलेलं नव्हतं. पंपाचे त्याला दिवसाला जास्त मिळत होते. गाळाच्या ट्रॅक्टरवर त्याला घ्यावं असं एक वाक्य वाढवलं. त्यानं ते वाचलं आणि मैदानावर पळायला गेला. संध्याकाळ झाली होती, तरी गेला.

काही झालं, काही नाही. तुळशीच्या भीतीनं कॉलनीत फवारणी थांबलीय. स्टेशनकडच्या रस्त्याला चालू आहे, तिथं कुणाची तुळस नाही. सातांपैकी तीन बायांची हजेरी लागली. गाळ आता दुसऱ्या दिवशी उचलतात, बहुतेक वेळा. लांब दांड्याची खुरपी सहा आली. त्यातल्या दोघींचे दांडे पहिल्याच महिन्यात निघाले, ते वस्तीतल्या सुतारानं बसवून दिले. भाचा गाळावर आहे, भरतीची परीक्षा अजून द्यायचीय. आत्याला मार्केटच्या झाडलोटीवर टाकलं, तिथं काँग्रेस नाही. मुकादम दोनदा म्हणाला, फार लाड झाले.

हातमोजे आले, रबराचे. सगळे पुरुषांच्या मापाचे. बायांच्या हातातून ते निसटतात, बोटांची टोकं रिकामी लोंबतात, फटीतलं बारीक गवत पकडीत येत नाही. म्हणून दुपारपर्यंत त्या ते काढून कमरेला खोचतात आणि उघड्या हातानं उपटतात. लहान मापाचे मिळावेत म्हणून दुसरा अर्ज दिलाय. त्यावर आवक क्रमांक पडला आहे.